प्रेक्षक सज्जातली शांतता

वरून पाहिलं की सभागृह फार शांत दिसतं. सुरक्षेच्या नव्या विधेयकावर चर्चा चालली होती. निम्मी बाकं रिकामी होती, एक सदस्य मोबाइलमध्ये बघून हसत होते. मी शेजारच्या शालिनीताईंना घेऊन प्रेक्षक सज्जात बसले होते. त्यांच्या मुलाला, सुहासला, मोर्चात डफ वाजवला म्हणून जुन्या कायद्याखाली कित्येक महिने डांबलं होतं. खटला उभाच राहिला नाही. नोकरी मात्र गेली. आता तो घरातही हळू आवाजात बोलतो.

खाली एक सदस्य ठासून म्हणाले, "ज्यानं काही केलंच नाही, त्यानं या कायद्याला का भ्यावं?"

शालिनीताई उभ्या राहिल्या. "माझ्या सुहासनं काही केलं नव्हतं हो!"

आवाज मोठा नव्हता. खाली दोन माना वर झाल्या आणि पुन्हा वळल्या. पोलीसबाईंनी ताईंचा दंड धरून आम्हाला बाहेर आणलं. दार बंद होताना "होय"चा गजर ऐकू आला. विधेयक मंजूर झालं होतं.

स्वातंत्र्य हिरावून घेताना आरडाओरडा होत असेल, असं मला वाटायचं. इथे तर सगळं किती शिस्तीत झालं.

"मावशी, आत बोलायची परवानगी नसते," पोलीसबाई समजुतीनं म्हणाल्या.

"मग बोलायचं तरी कुठं?" ताईंनी विचारलं.

पोलीसबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घरी, मावशी. दार लावून."