सासूच्या चढावरचं लाल बटन

रविवार, दुपारचे अडीच. पोटात पिठलं-भाकरी, वर तांब्याभर ताक. गॅरेजचं शटर अर्धं ओढून मी सुकुमारशेठच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर आडवा झालोय. चार वाजता त्रिशलावहिनी गाडी न्यायला येणार, तोवर एक डुलकी. डोळा लागतोय न लागतोय तोच शेजारची सीट करकरते.

"पाय काढा की चिदूअण्णा गिअरवरनं," सुकुमारशेठ म्हणतो.

सुकुमारशेठ म्हणजे सुकुमार चौगुले, जयसिंगपूरचा पेंडीचा व्यापारी, त्रिशलावहिनींचा नवरा. सहा महिन्यांपूर्वी ह्याच जीपमध्ये मेला. हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे, पण आलेल्या माणसाला तोंडावर "तू मेलायस की" म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून विचारतो, "कसं काय शेठ?"

"बरं चाललंय. वजन उतरलंय."

तो हसतो, मीही हसतो. आमचं दोघांचं चेष्टेत फार जमायचं. मी करायचो, त्याची व्हायची.

आता तुम्हाला सांगायलाच पाहिजे. डोंगरात, चिखलात मुद्दाम गाडी घालायचा शौक असलेली माणसं असतात. त्यांच्या जीपा मी चार इंच उचलून देतो, थोराड टायरं घालतो, पुढं ओढून काढायचा विंच बसवतो, टपावर कॅरिअर आणि त्यात दोन डबे डिझेल. शेठनं हे सगळं करून घेतलं होतं. एकदा लाजत म्हणाला, "अण्णा, ते रिटायर सुभेदार आठ दिवस डोंगरात गाडी चढवायला-उतरवायला शिकवत्यात म्हणं. जाऊन येऊ काय?" मी चारचौघांत म्हणालो, "माणसाला शिकवायला आठ दिवस लागतात शेठ. गाडीला शिकवायला मला दोन तास. कशाला घाम गाळतोस?" सगळी फिदीफिदी हसली. शेठ काही गेला नाही.

मग त्याला लॉकर पाहिजे झाला. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहतं, ती करामत. माल बाहेरनं यायला तीन महिने होते आणि हा रोज सकाळी फोन करायचा. शेवटी मी डॅशबोर्डवर एक लाल बटन बसवलं. दाबलं की लाल लाइट लागते. बास. चाकापर्यंत काहीच जात नाही. पैसे घेतले नाहीत, चेष्टेला कोण बिल लावतो? आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, फक्त शेठ सोडून.

गगनबावड्याच्या अलीकडं मुरमाचा एक उभा चढ आहे. त्याला आम्ही सासूचा चढ म्हणतो, कितीही करा, शेवटी खालीच ढकलते. शेठनं त्या चढावर बटन दाबलं. आम्ही खाली मोबाईल धरून उभे. गाडी अर्ध्यात बंद पडली, मागं घसरली, त्यानं घाबरून स्टेअरिंग मारलं आणि आडवी झालेली ती उंच जीप लोळत खाली आली. व्हिडिओत दुसऱ्या कोलांटीपर्यंत हसणं ऐकू येतंय. सगळ्यात मोठं माझं.

आणि परवा वहिनींचा फोन. "भावजी, गाडी दुरुस्त झाली की मीच न्हेणार. तो चढ मी चढवणार. आणि ते लाल बटन काढू नका हं, त्यांचा लई भरवसा होता त्याच्यावर. मीबी दाबीन."

म्हणजे बघा. सांगितलं तर नवरा कशानं मेला ते कळतंय. नाही सांगितलं तर बाई बटन दाबून तिथंच जातेय. मी सहा महिने पत्रा ठोकतोय आणि तोंड बंद ठेवतोय.

"चला, गाडी काढा," शेठ म्हणतो.

शटर आपोआप वर जातं. बाहेर कोल्हापूरचं उद्यमनगर नाही, आरटीओचं मैदान आहे. पांढऱ्या फक्कीनं आखलेला आठ. शेठ आता इन्स्पेक्टर आहे, मांडीवर पॅड, कानावर पेन.

"आठ काढा."

हे सोपं. मी ऐटीत वळवतो. पण आठाचं वरचं टोक हळूहळू उचलायला लागतं, मैदानच उभं राहतं, फक्की ओघळून लाल मुरूम दिसतो. काचेतून फक्त आभाळ.

"अण्णा, हा चढ तुम्ही कधी चढवलाय?"

"मी व्हिडिओ घेतो."

"एकदाबी न्हाई?"

"खाली कोणतरी लागतंय की हसायला."

शेठ पॅडवर फुली मारतो. गाडी अर्ध्यात बंद पडते. इंजिन गप, टायरखालनं खडे घरंगळल्याचा आवाज.

"आता काय करत्यात?" तो विचारतो.

वीस वर्षं मी ह्या गाड्या उचलतोय. मला माहीत नाही. मी त्याच्याकडं बघतो, तो निवांत बसलाय, पोरीच्या शाळेत पालक बसतात तसा.

"ब्रेक दाबून धरायचा," शेठ सांगतो. "रिव्हर्स टाकायचा. स्टेअरिंग सरळ ठेवून, आली तशी मागं उतरवायची. उतरताना क्लचला पाय लावायचा न्हाई. आणि काय वाट्टंल ते झालं तरी वळवायची न्हाई."

"तुला कसं माहीत?"

"मेल्यावर शिकलो. वेळच वेळ असतोय. पाच वाक्यं होती बघा, अण्णा. चहा पिता पिता झाली असती."

मी ब्रेक दाबतो. पायाखाली काही लागत नाही, डॅशबोर्डवर लाल लाइट लागते. रिव्हर्स टाकतो, दुसरी लाइट. स्टेअरिंग धरतो, तिसरी.

"मीबी जरा मॉडिफाय केलंय," शेठ म्हणतो. "आवडलं काय?"

गाडी मागं सुटते. मी वळवतो. नको म्हटलेलं तेवढंच मला येतंय. जीप आडवी होते, जग उलटं होतं आणि आम्ही जयसिंगपुरातल्या शेठच्या स्वयंपाकघरात छताला लटकलोय. खाली वहिनी ताट वाढतायत. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी येऊन ताटाच्या कडेवर पडलीय.

"आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, तुम्हाला ठाऊक हाय," शेठ हळू बोलतो. "मी म्हटलेलं, उजेडात येतो. बघा आता."

पट्टी ताटावरून सरकते, जमिनीवर जाते, विझते. वहिनी ताट उचलतात. "नुसती गाडी, गाडी," असं पुटपुटत भात डब्यात ओततात, डब्याचं झाकण जोरात लावतात.

"माझ्यावर रागावली. मी गेल्याचा फोन ह्याच्यानंतर दहा मिनिटांनी आला. तो राग तिला अजून गिळता येईना."

दुसरी कोलांटी. आता स्टेअरिंग शेठच्या हातात आहे आणि मी डावीकडं. तो माझ्या अंगावरून वाकून बेल्ट ओढतो, खटका लावतो, वरून एकदा हिसका देऊन बघतो. आई करते तसं.

"शेठ, माफ कर."

"करतो की. हे बघा." तो एका बटनाकडं बोट दाखवतो. त्यावर माझ्याच अक्षरात 'माफी' लिहिलंय. मी दाबतो. लाल लाइट लागते.

"झालं?" मी विचारतो.

"लाइट लागली की."

तो इतका हसतो की डोळ्यांत पाणी येतं. ही माझीच चेष्टा आहे, माझ्यापेक्षा चांगली केलेली. खालून आणखी हसण्याचा आवाज येतोय. चढाच्या पायथ्याशी मोबाईल धरून मी उभा आहे. चिक्कार मी. सगळे खूश.

तिसऱ्या कोलांटीच्या आधी गाडी क्षणभर हवेत थांबते. शेठ हसायचा थांबतो.

"मी बटन दाबलं तवा कसं वाटलं सांगू काय? लाइट लागली आणि छातीत गार वाटलं. म्हटलं, भ्यायचं काम न्हाई, चिदूअण्णानं बसवलंय."

बेल्ट छातीत रुततो.

बॉनेटवर थापा पडतायत.

"भावजी, झोपलाय व्हय?"

चार वाजलेत. शटरखालून वाकून त्रिशलावहिनी आत आल्यात. पांढरी साडी, पायात बूट. गाडी जागची हललेली नाही, मी ड्रायव्हरच्याच सीटवर आहे, बेल्ट लावलेला नाही. पण छातीत आग होतेय. शर्टाची दोन बटणं काढून बघतो. तीन बोटं रुंद लाल वळ, डाव्या खांद्यापासून तिरका खाली उजव्या कमरेपर्यंत. ड्रायव्हरचा बेल्ट उजव्या खांद्यावरनं येतो. हा शेजारच्या सीटचा.

"झाली न्हवं गाडी?" वहिनी विचारतात.

तोंडात एक गमतीचं वाक्य तयार आहे. माझ्या तोंडात ती नेहमीच तयार असतात. ते गिळतो.

"वहिनी, ह्या बटनानं काही होत नाही. नुसती लाइट लागते. मी चेष्टा केली होती."

त्या खिडकीतून हात घालून बटन दाबतात. लागली. बंद करतात. परत दाबतात.

"त्यांना ठाऊक होतं?"

"नाही."

"तुम्ही सगळे हसत होता, ते ह्यालाच."

"होय."

"मी तो व्हिडिओ लई वेळा बघितला," त्या म्हणतात. "म्हटलं, लांबून दिसलं नसंल तुम्हाला काय झालं ते."

त्या दार उघडतात आणि मी उतरायची वाट बघत उभ्या राहतात. मी उतरतो. त्या चढून बसतात, सीट पुढं ओढतात, आरसा आपल्या मापाचा करून घेतात. माझ्याकडं न बघता सांगतात, "सुभेदारांकडं आठ दिवस शिकून आले मी. कुणाला बोलले न्हाई. तिकडनं बसा."

"कुठं जायचं?"

"दीड तासात पोचतोय आपण."

"वहिनी, माझी कंबर जरा..."

"बसा म्हटलं न्हवं? मी चढवते. बटन तुम्ही दाबत ऱ्हावा."

मी वळसा घालून डावीकडं बसतो. त्या इंजिन चालू करतात, थांबतात, माझ्या छातीकडं बोट करतात. मी बेल्ट ओढतो. तो वळावर अगदी मापात बसतो.