तीस बायकांचं एकच उत्तर

मावशी बावीस वर्षं महिला तुरुंगात पहारेकरी आहे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि आवाजात तीन बराकींना पुरेल एवढी जरब. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिनं गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा काका म्हणाले, "बावीस वर्षं आत काढलीस. आपणहून शिक्षा वाढवून घेणारी तू पहिलीच."

"सुटलेल्या बायका परत का येतात, ते बघायचंय मला," मावशी म्हणाली. "दार मी उघडते, दार मीच लावते. मधलं काही कळतच नाही."

दुसऱ्या वर्षाचा प्रबंध तिनं याच प्रश्नावर घेतला. दुसऱ्यांदा आत आलेल्या तीस बायकांशी बोलायची रीतसर परवानगी काढली आणि चार दिवसांत तीसही प्रश्नावल्या भरून आणल्या. वर्गातली पोरं अजून दुसऱ्या-तिसऱ्या मुलाखतीवर अडखळत होती. मावशीचे पाय जमिनीला लागेनात.

तिच्या मार्गदर्शक मॅडम तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी कागद चाळले.

"ताई, सुटल्यावर घरच्यांनी कसं वागवलं? हिचं उत्तर, चांगलं. हिचंही चांगलं. तिसाव्या बाईचं?"

"चांगलं," मावशी म्हणाली.

"इतकं चांगलं वागवलं, तर या परत आल्या कशाला? विचारताना तुम्ही बसला होतात का?"

"बसेन कशी? ड्यूटीवर नसतो बसत आम्ही."

"आणि त्या?"

"उभ्या. ओळीत."

"मग ही मुलाखत नाही, ताई. हजेरी झाली. तीन आठवडे आहेत. पुन्हा करा, नाहीतर वर्ष गेलं."

घरी येऊन मावशीनं पिशवी कोपऱ्यात टाकली. "तीसही जणी 'चांगलं' म्हणाल्या, तर मॅडम म्हणतात ही हजेरी झाली. झालं शिक्षण. या वयात नसते उद्योग."

काकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "मलाही तू असंच विचारतेस. भाजी चांगली झालीय ना? मी काय सांगतो?"

"चांगली झालीय."

"हं."

"हं म्हणजे काय?"

"काही नाही. चांगलीच असते."

मावशीनं कोपऱ्यातली पिशवी परत उचलली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती साध्या कपड्यांत तुरुंगात गेली, किल्ल्यांचा जुडगा न घेता. शिवणखोलीत दोन स्टुलं समोरासमोर मांडली. पहिली आली ती 'घड्याळ'. दर अर्ध्या तासाला वेळ विचारते, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं नाव. आली आणि भिंतीशी ताठ उभी राहिली.

"बस."

"इथं?"

"मग काय माझ्या डोक्यावर?"

ती स्टुलाच्या कडेवर टेकली. मावशीला सुरुवात सुचेना. सवयीनं हात कमरेशी गेला आणि रिकामाच परत आला. घड्याळच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"चुकल्याचुकल्यासारखं होतं ना, बाई?"

"होतं खरं."

"मलाही झालं होतं, सुटल्यावर. बहिणीच्या घरी दारापाशी जाऊन उभी राहायचे. कोणीतरी उघडेल म्हणून. चार दिवस तिनं उघडलं. पाचव्या दिवशी म्हणाली, तुला काय हात नाहीत?"

मावशीनं प्रश्नावली पालथी घातली आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. "मग?"

त्या सकाळी मावशीनं फक्त तेवढंच विचारलं, पुन्हा पुन्हा. घड्याळनं एकदाही वेळ विचारली नाही. निघताना दोघी दारापाशी थांबल्या. दाराला नुसती कडी होती.

"तू उघड," मावशी म्हणाली.

तीन आठवड्यांत जेमतेम अकरा मुलाखती झाल्या. मॅडमनी पहिली वाचली, मग दुसरी, मग समोरचा चहा गार झाला. "अकरा पुरेत," त्या म्हणाल्या. "आता लिहायला बसा."

त्या संध्याकाळी मावशीनं काकांपुढे ताट ठेवलं. "भाजी कशी झालीय? खरं सांगा."

काकांनी आधी तिच्या कमरेकडे बघून घेतलं.

"अळणी. कालचीही होती."

मावशी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

"मग?"