साडूंचा खडू

माझ्या साडूंनी उभ्या हयातीत एकच गाडी बाहेरून पाहिली, आणि ती माझी होती. बाकी सगळ्या त्यांनी बॉनेट उघडूनच पाहिल्या. ते राहायला रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, नोकरी रोह्याच्या एका कंपनीत. शिफ्ट संपली की पिशवीत रॉकेलची बाटली, फडकं आणि पांढरा खडू घेऊन ते जुन्या गाड्यांच्या शोधात निघत. इंजिनावर ठोकलेला नंबर सापडला की त्यावरचं वंगण रॉकेलने पुसायचं, खडू आडवा घासायचा, वरची भुकटी फुंकून टाकायची. खोलगट अक्षरं पांढरी उठून दिसत. सुरुवातीच्या अक्षरांवरून मॉडेल, पुढच्या आकड्यांवरून ताकद आणि साल. मग निकाल. अपील नाही.

पेणला माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव जुन्या विलायती गाडीतून आला. बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या, आणि साडू बॉनेटखाली. खडूने पांढरं झालेलं नाक वर काढून त्यांनी वरपित्याला सांगितलं, "गाडी विलायती आहे, पण इंजिन जीपचं बसवलंय." वरपित्याचा फेटा एकदम ढिला झाल्यासारखा दिसला. साडूंची बायको, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, मागून म्हणाली, "अहो, मुलगा ओरिजिनल आहे ना, तेवढं बघा आणि जेवायला चला!"

एकदा गडब गावाजवळ एक जुनी गाडी बंद पडलेली दिसली. साडूंनी मला स्कूटर थांबवायला लावली, पाऊण तास नंबर वाचला आणि पिशवी आवरली. मालक म्हणाला, "आणि चालू कधी होणार?" साडू शांतपणे म्हणाले, "दुरुस्ती मला येत नाही. मी फक्त ओळख पटवतो."

हा उद्योग कशासाठी, असं मी एकदाच विचारलं. त्यांनी उत्तराऐवजी एक नंबर सांगितला आणि म्हणाले, "तुमच्या डायरीत लिहून ठेवा. तुमच्याकडे काही हरवत नाही." त्यांचे वडील रोह्याच्या एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शाळेत जायच्या आधी साडू आकडे शिकले ते त्या गाडीच्या इंजिनावरच्या याच नंबरावर बोट फिरवून. पुढे गाडी विकली गेली. वडिलांनी मरेपर्यंत ती कुठे गेली, एवढंच विचारलं. मी तो नंबर पहिल्या पानावर लिहिला आणि पुढे खूण करायला एक चौकोन आखला.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. धरमतरच्या बाजूला एका मिठागरावर मोटारीचं जुनं इंजिन खाडीचं पाणी ओढतं, असं कळलं. आम्ही गेलो. बांधावर, लाकडी चौकटीत बसवलेलं ते इंजिन धडधडत होतं. मिठागर चालवणाऱ्या आगरवाल्याने ते बंद केलं. रॉकेल, फडकं, खडू, फुंकर. मी डायरी उघडून मागे उभा. अक्षरं जुळली. आकडे एकेक करून जुळले, शेवटचासुद्धा. साडू बोट फिरवत होते.

आगरवाला अस्वस्थ झाला. "साहेब, मशीन न्यायाला आयलाव नाय ना? या गेला तं आमचा मीठ व्हायाचा नाय."

"नाही हो," साडू म्हणाले. "असंच बघायला आलो. तेल वेळेवर बदलता ना?"

"दर महिन्याला. आमच्या घरातलाच हाय तो."

साडूंनी नंबरावरचा खडू फडक्याने पुसून टाकला. "करा चालू," म्हणाले. इंजिन पहिल्याच हँडलला लागलं. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि मग स्कूटरकडे वळले. घरी आल्यावर मी चौकोनात खूण केली.

पुढच्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. साडू येणार म्हणून यादी केली: रॉकेल, फडकं, नवा खडू. तिन्ही वस्तू बॉनेटवर मांडून ठेवल्या. साडू आले. त्यांनी त्या वस्तूंकडे पाहिलं, गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली, आणि दारावर हात ठेवून म्हणाले,

"रंग छान आहे हो."

तो खडू अजून माझ्या खणात आहे, तसाच, न झिजलेला.