शेवंताबाई, मॅनेजिंग डायरेक्टर

शिरवण्याचा नामदेव मढवी तसा सरळ माणूस. फक्त ‘फ्री ट्रायल’ हे दोन शब्द दिसले की त्याचा पाय घसरायचा.

घरामागच्या शेडमध्ये त्याचं धातू कापायचं एक मिलिंग मशीन होतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की ते कॉम्प्युटरवर कॅम सॉफ्टवेअरमध्ये घालायचं, कटर कुठून कसा फिरवायचा ते ठरवायचं आणि तो प्रोग्राम मशीनला द्यायचा. इतकी वर्षं हा कारभार एका दोस्ताने पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर बिनबोभाट चालला होता. मग तुर्भ्याच्या एका कंपनीने वर्षभराचं काम देऊ केलं आणि अट घातली, आमचा माणूस तपासणीला येईल, त्याला सॉफ्टवेअरचं लायसन दाखवा.

नामदेवला हे काम सोडून चालणार नव्हतं. शेडची जागा आईच्या, म्हणजे शेवंताबाईंच्या नावावर होती. गावात ज्याच्याकडे बोटभर जागा, तो खोल्या बांधून भाडं खात होता, आणि आपल्याच पोराला मशीनचं वेड का लागावं, हे शेवंताबाईंना उमगत नव्हतं. त्यांनी बजावून ठेवलं होतं, “ह्या वर्षी मोटं काम नाय आलं तर मशीन इक. मी तिथं रूम बांधनार.” काम हवं तर लायसन हवं, लायसन नाही तर शेड गेली.

शोधाशोध सुरू झाली. एका सॉफ्टवेअरची किंमत ऐकून नामदेव दोन ग्लास पाणी प्यायला. एक अगदी फुकट होतं, पण त्याने काढलेला प्रोग्राम याचं मशीन घेईना. तिसरं मात्र झकास जुळलं. किंमत तीही अंगावर येणारी, पण महिनाभराची ट्रायल होती. महिना संपला तेव्हा नामदेवने नवा फॉर्म बायकोच्या, जागृतीच्या नावाने भरला. तोही संपला, तेव्हा आईच्या. फॉर्ममध्ये हुद्दा विचारला होता. जागृतीला त्याने पार्टनर करून ठेवलं होतं, आता आईला तिच्या खाली कसं बसवायचं? म्हणून शेवंताबाई मॅनेजिंग डायरेक्टर झाल्या. हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

एका सकाळी सॉफ्टवेअर कंपनीचा अभय करंजाड्याहून बाइक हाणत आला, तो थेट डायरेक्टरबाईंना भेटायला. गळ्यात टाय, हातात गुच्छ. शेवंताबाई ओट्यावर सुपात जवळा निवडत बसल्या होत्या.

“नमस्कार, एमडी मॅडम. तुम्ही महिनाभर आमचं सॉफ्टवेअर वापरलंत, जरा फीडबॅक घ्यायला आलो.”

शेवंताबाईंनी नामदेवकडे पाहिलं. नामदेव छपराकडे पाहत होता.

“मी कोन हाय बोललास?”

“एमडी, मॅडम. म्हणजे मालक. फायनल डिसिजन तुमचं.”

आता आई एका वाक्यात सगळं उघडं पाडणार, हा पोरगा लबाडी बघून निघून जाणार आणि येत्या दिवाळीला शेडच्या जागी भाडेकरूंची धुणी वाळत असणार, हे नामदेवला स्पष्ट दिसलं. पण शेवंताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

“महाग हाय,” त्या म्हणाल्या. हा त्यांचा फीडबॅक.

अभयने घाईघाईने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पाची बाजूंनी कापला जाणारा, पात्यापात्यांचा एक देखणा गोळा फिरू लागला.

“नाम्या, असलं आपन करतो?”

“नाही आई. आपली सपाट प्लेट, भोकं आणि खाचा.”

“मंग ह्यो काढ, बाला.”

अभयने सॉफ्टवेअरचा तो भाग काढला, तेवढी किंमत उतरली. मग दुसरा काढला. लेथचा काढला, कारण लेथ नव्हतीच. शेवंताबाई बोंबलाचं डोकं-शेपूट उडवावं तशा शांतपणे सॉफ्टवेअर कापत होत्या. शेवटी दरवर्षीच्या मेंटेनन्सचा विषय निघाला, तेव्हा त्या भडकल्या. “इकत घेतली वस्तू, वर भाडं कसलं? लोकांना लुटता काय?” खोल्या बांधून भाडं खायची स्वप्नं बघणाऱ्या बाईने हे म्हणावं, याचं नामदेवला हसू आलं. ते त्याने खोकल्यात ढकललं.

मग त्यांनी आपला भाव सांगितला आणि नामदेवचं हसू पळालं. शेवंताबाईंनी सारी हयात नेरुळच्या बाजारात सुकी मासळी विकण्यात घालवली होती. कुठला भाव सांगितला की समोरचा चिडून चालता होतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी तोच सांगितला होता. आई लायसन घेत नव्हती. ती अभयला वाटेला लावत होती.

अभय अंगणात जाऊन साहेबाशी फोनवर बोलला. महिनाअखेर होती, टार्गेट डोक्यावर होतं. तो परत आला तो घाम पुसत.

“ठीक आहे मॅडम. दिलं.”

बाजाराचा कायदा शेवंताबाईंनीच कितीदा भांडून लोकांकडून पाळून घेतला होता. आपल्या तोंडाने भाव मागितला आणि समोरच्याने ‘दिलं’ म्हटलं, की माल उचलायचाच. न उचलणाऱ्या बाईला मग त्या बाजारात कोणी उभं करत नाही. त्यांनी एकदा शेडकडे पाहिलं, एकदा नामदेवकडे.

“बघतोस काय? पैशे दे त्याला,” त्या म्हणाल्या, आणि रागाने सूप पुढ्यात ओढलं.

दुसऱ्या आठवड्यात तुर्भ्याचा माणूस तपासणीला आला. तेवढ्यात शेवंताबाईही शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. मशीन बसवल्यापासून लायसन येईपर्यंत त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आता त्या रोज येत. मी भाव पाडून आणलेला माल नीट चालतो का ते बघते, म्हणत.

“लायसन शेवंताबाई मढवींच्या नावावर आहे,” तपासणीचा माणूस म्हणाला. “त्या कोण?”

“मीच.”

“आणि हे?”

आई काय बोलेल याचा भरवसा नव्हता. नामदेवने जपून सांगितलं, “मी इथे कामाला आहे.”

“पोरगा हाय माजा,” शेवंताबाई म्हणाल्या. “लायसन माजं हाय. शेड त्याची हाय.”

नामदेवला रडू यायला लागलं. पाहुण्याला दाखवायचं निमित्त करून त्याने घाईघाईने मशीन चालू केलं.