जनीकाकूंनी सोडलेली मासळी

जनीकाकू वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या की समजायचं, आज त्यांच्याकडे मासळी आहे. "गो बाय, चाख जरा. मीठ बराबर हाय का बोल." खारी गावातल्या त्या इमारतीत आम्ही भाडेकरू आणि त्यांचं दार आमच्या समोरचं. मी रत्नागिरीची. मासळीतलं सगळं आपल्यालाच कळतं ही माझी समजूत पहिल्याच वाटीत मोडली. असं बोंबलाचं कालवण मी माहेरीही खाल्लं नव्हतं. आणि जिच्या हाताला ही चव, तिनं स्वतः मासळी सोडलेली!

कारण रूपेश, त्यांचा एकुलता एक. खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांचा मुलगा सीए झाला, तेव्हा काकूंनी त्यांचा पेढा खाल्ला आणि तडक गावदेवीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. रूपेश सीए होईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही, असा नवस बोलूनच घरी आल्या. आगरी घरातल्या बाईला एक वेळ सोनं सोडणं सोपं. नवऱ्यामागे एकटीनं मुलगा वाढवलेला, त्यामुळे हट्टाला त्या पक्क्या. हळदीच्या जेवणात कोणी सुरमई वाढायला आलं की पानावर हात आडवा धरायच्या. "मी न्हाय खाली म्हनून मासलीला काय रडू न्हाय येत," म्हणून वर हसायच्या. पण बोंबील तळताना त्या तव्याकडे कसं बघायच्या, ते मी पाहिलंय.

रूपेश मात्र शेवटच्या परीक्षेशी अडकला. निकाल लागायचा, तो नापास व्हायचा, काकू "फुडच्या खेपेला होल" म्हणायच्या, की तो पुन्हा पुस्तकं उघडायचा. मुलगा कामाला चोख होता. दहिसरच्या एका कारखान्यानं त्याला हिशेबाची कायमची नोकरी देऊ केली, तेव्हा तो आमच्याकडे येऊन बसला. समोरचा चहा निवून गेला.

"वहिनी, मला नाही जमत आता. झोपच येत नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं."

"मग सांग ना आईला."

"कसं सांगू? तिने मासळी सोडलीय माझ्यासाठी. मी परीक्षा सोडली तर ती जन्मात खाणार नाही."

म्हणजे आईनं मासळी सोडली म्हणून मुलगा परीक्षा सोडत नव्हता, आणि मुलगा अभ्यास करतोय म्हणून आई मासळीला शिवत नव्हती. दोघं एकमेकांसाठी झिजत होती आणि मधल्या मध्ये मी कालवण ओरपत होते.

पुढचा निकालही तसाच लागला. त्या संध्याकाळी काकू रिकाम्या हातांनी आल्या. "खरा बोल. पोरगा तुज्याकडं काय बोलला?"

मी सगळं सांगून टाकलं. त्या उंबऱ्यातच बसल्या. वाटलं, आता रडतील. पण त्यांनी मिठागराचं काढलं. लग्नानंतर त्या सासरच्या मिठागरात राबल्या होत्या. "मीठ पिकलेला असताना अवकाली पाऊस आला, की मामंजी बोलायचे, जेवरा काढलास तेवरा झाक नि घरी चल. वाफ्यात उभी राशील तर मीठ बी जाल, नि तू बी तापानं पडशील. येवरी साधी गोष्ट माज्या ध्यानात कशी न्हाय आली गो?"

सकाळी मला घेऊन त्या देवळात निघाल्या. वाटेत त्यांची नणंद आडवी आली. "वहिनी, नवस मोडू नको. देवी कोपल."

"कोपली त माज्यावर कोपल. पोरानं काय केलाय?"

काकूंनी ओटी भरली, नारळ ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तसं देवीशी बोलल्या. "बाय, मी मागितला, तू 'न्हाय' बोललीस. 'न्हाय' बोललीस, ता बी उत्तरच झाला. आता मना जेवू दे, नि पोराला निजू दे."

येताना बोंबील घेतले. दुपारी रूपेशला समोर बसवून त्यांनी तांदळाच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. रूपेश ओरडलाच, "आई! नवस?"

"संपला. देवीला सांगून झायला. आता तू त्या कारखानेवाल्याला सांग, येतो म्हनून."

 तो भाकरी हातात धरून लहान मुलासारखा रडला. काकूंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जेवण काही थांबलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मीही थोडी रडून घेतली.

पुढे आम्ही पूनम सागर वसाहतीत राहायला आलो. रूपेशचं लग्न झालं, काकूंनी नातवंडं पाहिली, आता त्या नाहीत. पण आठवण निघाली की मला दिसते ती त्या जेवणानंतरची दुसरी सकाळ. ऊन चांगलंच वर आलं होतं. बाहेर आवाज आला म्हणून मी दार उघडलं, तर समोर काकू दाराला पाठ लावून पाटावर बसलेल्या, आणि एक कुरिअरवाला घंटीकडे हात नेत होता. काकूंनी त्याचा हात वरच्या वर धरला. लेक सीए झाला असता तर ज्या तोऱ्यात गावभर सांगितलं असतं, त्याच तोऱ्यात, पण अगदी दबक्या आवाजात त्याला म्हणाल्या, "ओ भैया, घंटी मत बजाव. मेरा लडका सोया है."