बेदाण्याच्या शेडमध्ये वाळवलेला फोन

फोनची मागची काच काढली आणि नाकात फटाक्यांचा वास शिरला. मी गेली एकोणीस वर्षं मिरजेत मोबाइल दुरुस्त करतेय. विहिरीत, हौदात, संडासात, एकदा तर तांबड्या रश्श्यात पडलेला फोन माझ्याकडे आलाय. पण दिवाळीचा वास येणारा फोन मी पहिल्यांदाच बघत होते.

"हा कशात पडला होता?" मी विचारलं.

काउंटरपलीकडे तिघं होती. तासगावजवळच्या एका गावातले आबा, त्यांची सून मनीषा आणि तिची सहा वर्षांची मुलगी स्वरा. आबा फौजेतून रिटायर झालेले, स्टुलावरही ताठ बसलेले. दुकानात शिरताच त्यांनी मला विचारलं होतं, "मिस्त्री कुठं हायत?" मीच मिस्त्री आहे म्हटल्यावर त्यांनी एकदा पाटी वाचली आणि एकदा मला नीट बघून घेतलं.

"डिपिंगच्या पाण्यात पडला," मनीषा म्हणाली.

तासगावकडच्यांना हे समजावायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. द्राक्षाचा बेदाणा करताना घड आधी एका टबात बुडवतात. त्या पाण्यात डिपिंग ऑइल आणि एक प्रकारचा क्षार असतो, त्यानं द्राक्ष लवकर वाळतं. फोनला मात्र असलं पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून करंट सहज वाहतो.

"कधी पडला?"

"तीन दिस झालं."

"मग तीन दिवस होता कुठं?"

आबांनी घसा साफ केला. "शेडात टांगला हुता म्या. तितं द्राक्षाचा बेदाणा हुतोय, ह्यो एवढासा फोन वाळायचा न्हाई व्हय?"

"शेडमध्ये धुरी दिली होती?"

"दिली की. त्याबिगार रंग कसा यील?"

वासाचा उलगडा झाला. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधक जाळतात. तो धूर ओल्या फोनमध्ये शिरला की त्याचं ॲसिड होतं आणि ते आतलं तांबं खायला लागतं. लोक भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात, त्याचा उपयोग नसतो एवढंच. आबांनी त्याच्या पुढची पायरी गाठली होती.

"नवा घ्या," मी म्हणाले. "ह्यात काही राम राहिलेला नाही."

"फोन मरू दे," मनीषा म्हणाली. "आतला एक व्हिडिओ पायजे. चार वाजायच्या आत."

तेव्हा साडेअकरा वाजले होते. चार वाजता काय आहे ते तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. स्वराला दीड वर्षापासून झटके येतात. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा, कधीही. दवाखान्यात न्यावं तोवर थांबलेला असतो. डोक्याला वायरी लावून काढलेला रिपोर्टही नॉर्मल आला. पुण्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा मिरजेत येतात. ते म्हणाले होते, झटका सुरू होताना शरीराचा कुठला भाग आधी हलतो ते मला दिसलं पाहिजे, त्यावर गोळी ठरेल. अंदाजानं दोन गोळ्या देऊन झाल्या होत्या. दुसऱ्या गोळीनं मुलगी दिवसभर पेंगत राहायची, शाळा सुटल्यात जमा होती. तेव्हापासून मनीषा पाच महिने फोन कायम हाताशी ठेवून फिरत होती. तीन दिवसांपूर्वी शेडमध्ये झटका आला आणि तो तिनं पकडला.

"पोरगी तडफडत हुती आन् ही शूटिंग काढत हुती," आबा मला म्हणाले. निवाडा मीच करायचा असल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. "फोन टाक म्हनून वरडतोय मी, तर ऐकंना. सरतेशेवटी टाकला तो टबात. आता पोराला काय सांगू? त्यो तिकडं बॉर्डरवर."

मनीषा स्वराच्या वेणीची रिबन सोडून परत बांधत बसली.

व्हिडिओची कॉपी दुसरीकडे कुठं गेली असेल का, हे मी विचारून घेतलं. शेडमध्ये रेंज नाही, तेव्हा तो आशेचा दोर तिथंच कापला गेला. लोकांना वाटतं, मेमरीची चिप काढायची आणि दुसऱ्या फोनला लावायची की झालं. आताच्या फोनचं तसं नसतं. आतलं सगळं कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरकडे असते. म्हणजे व्हिडिओ हवा तर हाच बोर्ड जिवंत झाला पाहिजे, निदान अर्ध्या तासासाठी.

बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला. कनेक्टर हिरवे, सोल्डरचे टाके काळे. मी फारशी आशा न ठेवता प्रोसेसरच्या कडेला नजर टाकली आणि थांबले. कारखान्यात त्या चिपखाली एक चिकट पदार्थ भरतात, घट्ट झाला की तो डिंकासारखा दिसतो. फोन आपटला तर टाके सुटू नयेत एवढ्यासाठी तो असतो. त्याच्या अलीकडे सगळं काळं पडलं होतं आणि पलीकडे, चिपच्या बाजूला, एकही डाग नव्हता. इतकी वर्षं मी ह्या डिंकाला शिव्या घालत आले, कारण चिप काढताना तो छळतो. त्या दिवशी त्याच्याकडे बघत राहिले.

बोर्ड अल्ट्रासोनिकमध्ये टाकला. सोनाराकडे दागिने धुवायचं मशीन असतं, त्यातलाच प्रकार. मग स्पिरिट, ब्रश, पुन्हा मशीन. सुकवून बोर्डाला बाहेरून पॉवर दिली. बटण न दाबताच करंट वाहायला लागला. म्हणजे कुठंतरी शॉर्ट होता आणि बोर्डावर बारीकसारीक पार्ट शेकड्यानं असतात.

अशा वेळी आम्ही राळ तापवून तिचा धूर बोर्डावर सोडतो. बोर्ड पांढरा होतो. मग अगदी कमी व्होल्टेज द्यायचं. जो पार्ट बिघडलाय तो गरम होतो आणि तेवढ्याच ठिकाणची राळ वितळते.

आबा काउंटरवरून वाकून बघत होते. "तुमी बी धुरीच दिली की," ते म्हणाले.

मला हसू आलं. तेवढ्यात पांढऱ्या बोर्डावर एक काळा ठिपका उमटला. खसखशीएवढा कपॅसिटर. तो उचलून टाकला. असे काही पार्ट नसले तरी फोनचं भागतं. पुन्हा पॉवर दिली, बटण दाबलं, मीटरचा आकडा चढला, अडखळला, परत चढला. भंगारातल्या एका फोनचा डिस्प्ले जोडला होता, त्यावर कंपनीचं नाव आलं. मनीषानं पॅटर्न काढला. सव्वादोन वाजले होते.

आणि व्हिडिओ लागेना. फाइल होती, वजनदारही होती, पण उघडायला गेलं की नुसता करडा चौकोन.

"बंद केला होता का व्हिडिओ? लाल बटण दाबून?"

मनीषा विचारात पडली. "न्हाई. चालू असतानाच हातातनं गेला."

शूटिंग बंद केलं की फोन शेवटी एक यादी लिहितो, कुठलं चित्र कुठं ठेवलंय त्याची. ती लिहायच्या आधीच हा फोन टबाच्या तळाला गेला होता. चित्रं आत होती, पण यादीशिवाय ती लावणार कशी? ह्यावर एक उपाय आहे. त्याच फोननं काढलेला दुसरा चांगला व्हिडिओ कॉम्प्युटरला नमुना म्हणून द्यायचा. तो बघून प्रोग्रॅम मोडक्या फाइलची यादी नव्यानं तयार करतो, जमलं तर. गॅलरीत स्वराच्या गॅदरिंगमधल्या नाचाचा व्हिडिओ होता. तो दिला. कॉम्प्युटर चाळीस मिनिटं घरघरत होता. स्वरा मनीषाच्या मांडीवर पेंगुळली होती. मला घड्याळाकडे बघायची भीती वाटायला लागली.

तीन वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर बेदाण्याचं शेड दिसलं.

आधी स्वराच्या डाव्या हाताची बोटं हलायला लागतात. मग डावा गाल ओढला जातो. मग सगळं अंग. एका कोपऱ्यातून मनीषाचा हात येतो, पोरीला अलगद कुशीवर वळवतो, डोक्याखाली रुमाल सरकवतो आणि निघून जातो. तिचा आवाज ऐकू येतो. "स्वरा, मी हितं हाय बाळा. चार. पाच. सहा." ती सेकंद मोजत होती. मागून आबांचा आवाज, "आगं टाक त्यो फोन. आई हायस का कोन?" आणि ती, "एकवीस. बावीस. मी हितंच हाय. तेवीस." आवाज एकसारखा. चित्र हलत नव्हतं.

माझा हात स्थिर आहे म्हणून बाजारात माझं नाव आहे. केसाएवढी तार मी श्वास धरून जोडते. पण माझ्या टेबलावर नुसता बोर्ड असतो, माझं लेकरू नसतं. ती बाई स्वतःच्या लेकराचा झटका बघत फोन धरून होती, आजवर असला हात मी पाहिला नाही.

त्र्याहत्तरला पोरगी उसळून टबाकडे घरंगळली. चित्र गरकन फिरलं, हिरवं पाणी दिसलं आणि संपलं. पोरीला धरायला दोन्ही हात लागले तेव्हाच तिनं फोन सोडला होता.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डागदरनं मोजायला सांगितलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तवा मोजत हुते न्हवं," मनीषा म्हणाली.

मी व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणि माझ्या जुन्या फोनवर, दोन्हीकडे टाकून ते मनीषाच्या हातात दिले. आबांनी झोपलेल्या नातीला खांद्यावर घेतलं आणि सुनेला म्हणाले, "चल पोरी, तू फुडं हो." चारला दहा कमी असताना ते दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी व्हिडिओ तीनदा बघितला आणि गोळी बदलली, असा मनीषाचा फोन आला. तिचा बोर्ड मात्र संध्याकाळी गेला तो गेलाच.

चार महिन्यांनी आबा एकटेच आले. हातात बेदाण्याचा डबा आणि नवाकोरा फोन. गोळी बदलल्यापासून एकच झटका आला होता, तोही थोडक्यात आटोपला. स्वरा शाळेत जात होती.

"बाई, मला शूटिंग शिकवा," ते म्हणाले. "परत आला तर ती पोरीला धरंल. मी काढीन."

मी शिकवलं. त्यांचं चित्र हलत होतं. कोपर काउंटरवर टेकवा म्हटलं.

"रायफल धरताना बी कोपर असंच टेकवायचो," ते म्हणाले आणि श्वास धरून माझंच शूटिंग काढायला लागले, मी टाके देत असताना. ओठातल्या ओठात मोजत होते.

धडा म्हणाल तर साधा आहे. फोन भिजला की आधी बंद करा, तांदळात किंवा शेडात न ठेवता लगेच आणा, आणि व्हिडिओ काढलात तर लाल बटण दाबा. आबांना मी हे तीनदा बजावलं होतं. ते बहात्तर म्हणाले, मग मनीषाचा फोन सुटला होता त्या त्र्याहत्तरवर आले तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघितलं. बोट हललं नाही. ते चौऱ्याहत्तर म्हणाले आणि मग त्यांनी बटण दाबलं.