सासऱ्यापुढची खुर्ची

गीतावहिनीला ‘दुखतं का’ विचारलं की ती ‘नाही’ म्हणायची. सकाळी विचारा, संध्याकाळी विचारा, मांडी सुजून टम्म झालेली असताना विचारा. नाही. चेहरा असा कोरा की आपण भिंतीशी बोलतोय. मला भारी राग यायचा. मी तिची नणंद, मनकर्णा. भावजयीशी भांडायचा माझा हक्क, आणि ही बाई भांडायलाच तयार नव्हती.

मला बुलढाण्याला दिलेलं. नवरा, वामनराव, तिथं शाळेत मास्तर, त्यामुळे माझी बोली सुधारली की बिघडली यावर माहेरी, डोणगावात, अजून एकमत झालेलं नाही. माहेरी तीनच माणसं. माझे वडील किसनराव, भाऊ उत्तमराव आणि ही वहिनी. वहिनीची एकुलती लेक कोकिळा साखरखेर्ड्याला नांदायची. तिचे दिवस भरत आलेले, ती आईच्या सेवेला येणार कशी? म्हणून मास्तरांना त्यांच्या हातच्या खिचडीवर सोडून मी डोणगावला येऊन राहिले.

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यातली गोष्ट. कपाशी वेचून झाली होती आणि गाडी सरकी काढायला जिनात न्यायची होती. कापूस गाडीत नुसता टाकून भागत नाही, वर चढून पायांनी तुडवून दाबावा लागतो. वहिनी दरवर्षी तुडवायची. त्या दिवशी बैल कशाला बिचकले कोण जाणे, गाडीला हिसका बसला आणि वहिनी वरून खाली दगडावर, उजव्या खुब्यावर पडली.

गावात हाड बसवणारे फकीर मोहम्मद होते. म्हातारे, हलक्या हाताचे. त्यांनी पाय नुसता चाचपला आणि हात काढून घेतला. म्हणाले, “उत्तमभाऊ, हे माह्या हातचं काम नाई. खुब्यातलं हाड हाये. मी ओढलं तं बाई जन्माची लंगडी होईन. नागपूरले न्या.” मग मेहकरहून मोटारीनं अकोला, अकोल्याहून रेल्वेनं नागपूर. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मांडी उघडून हाडात पोलादी खिळा ठोकला. भाऊ हे सांगताना अजून अंगावर काटा आल्यासारखं करतो. ज्या बाईच्या हाडात ठोकला ती मात्र तेव्हाही म्हणाली, काही वाटलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं भावानं पाठ करून आणलं होतं. दुपारी उताणं निजून पायाखाली उंच वळकटी घ्यायची, म्हणजे सूज उतरते. सुजेवर गार पाण्याची पट्टी ठेवायची, शेकायचं नाही. पंजा वर-खाली हलवायचा, टाच हळूहळू ओढून गुडघा वाकवायचा, आणि हे रोज, नाहीतर खुबा आखडून लाकूड होईल. चालायचं तर दोन काठ्यांवर, त्या पायावर भार न देता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जमिनीवर बसायचं नाही. मांडी घालून नाही, उकिडवं नाही, कसंच नाही. खिळा सरकला तर पुन्हा काही करता येणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे वहिनी पुढं चालणार की जन्मभर खाटेवर पडणार, हे सगळं ती खाली बसते की नाही यावर होतं.

आता आमच्याकडे जमिनीवर न बसता बाई करणार काय? चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, जेवण जमिनीवर. घरात खुर्ची कशाला असेल? भावानं मोतीराम सुताराकडून बाभळीची एक खुर्ची करून घेतली, उंच, बिनहाताची आणि इतकी जड की तिला हलवताना माझीच कंबर जायची. वहिनीला त्यावर बसवलं. बाबा शेतावर राखणीला मुक्कामी होते, तोवर दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी बाबा दारात खोकले.

हे खोकणं समजून घ्या. आमच्या घरी सासरा सुनेशी बोलत नाही आणि सून सासऱ्याशी बोलत नाही. घरात शिरण्याआधी बाबा खोकणार, वहिनी पदर ओढून आडोशाला होणार. काही सांगायचं असलं की बाबा कुणाकडेही न बघता म्हणणार, “घरात सांगा, भाकरी लवकर टाका म्हणा.” लेक झाली, लेकीचं लग्न झालं, तरी हे असंच. वहिनीचं नाव बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आणि सासऱ्यासमोर सून उंचावर बसणं तर आमच्या घरात कुणी बघितलेलंच नव्हतं. सासरा आत आला की बाजेवरची सून खाली उतरते, तिला उतर म्हणावं लागत नाही.

तर बाबा खोकले आणि वहिनी सावकाश, दोन्ही हातांनी खुर्ची धरून, घसरत घसरत खाली आली. मी चुलीपाशी होते. बघते तर ही पाय लांब करून जमिनीवर आणि वर डोकं झाकलेलं.

“वहिनी, खिळा सरकला म्हणजे काय करशील?” मी ओरडले.

“मामंजी आले ना,” ती म्हणाली, जणू यापुढं बोलायला काही उरतच नाही.

मी बाबांना ऐकवलं. ते भिंतीकडे बघून म्हणाले, “घरात सांगा, उतरू नका म्हणा.” मी सांगितलं. वहिनीनं मान हलवली. संध्याकाळी बाबा खोकले, ही पुन्हा खाली. रागावून बघितलं, विनवून बघितलं, तिच्या लेकीची शपथ घातली. तिचं एकच, “मामंजी खाली अन् मी वर? मले जमत नाई, मनूबाई.” मग बाबांनी घरात येणंच सोडलं. ताट गोठ्यात मागवायचे, झोपायचे बैलांच्या शेजारी. म्हणाले, “मी आलो का ती उतरते. मी येतच नाई.” झालं, प्रश्न सुटला असं त्यांना वाटलं. इकडे वहिनीच्या पोटात अन्न जाईना. सासरा तिच्यामुळे गोठ्यात जेवतो हे तिला खुब्यातल्या खिळ्यापेक्षा जड झालं होतं. तसं ती बोलली नाही. ताट तसंच परत यायचं, त्यावरून मला कळलं.

मी माझं काम करत राहिले. माठातल्या पाण्यात फडकं भिजवून पट्ट्या ठेवायच्या, पायाखाली गोधडीची वळकटी सारायची, टाच धरून गुडघा वाकवायचा. पाय लाकडासारखा. मी वाकवायची, घाम मला फुटायचा, ती आढ्याकडे बघत पडलेली. एकदा मी नसताना शेजारच्या आशाबाई मायेनं आल्या, गार पट्ट्यांना नावं ठेवली आणि तापलेली वीट फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीला लावून बसल्या. टाक्यांच्या बाजूची कातडी बधिर झालेली. मी परत आले तर तिथं हा मोठा फोड. वहिनी त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी बघत होती.

“वहिनी, चटका बसला नाही तुला?”

“बसला असंन,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी रागावले नाही. मला भीती वाटली. पाय बरा होईल न होईल, पण ही बाई आत कुठंतरी निघून गेली आहे आणि तिला हाक मारायची कशी हे मला माहीत नव्हतं. बुलढाण्याला पत्र टाकलं की मी इतक्यात येत नाही.

उन्हाळा तापला. बाजाराचा दिवस होता, आळी ओस पडलेली. भाऊ गुरांच्या बाजारात गेलेला, मी धुणं घेऊन नदीवर. वहिनी खुर्चीवर बसून टाच पुढं-मागं सरकवत होती. एवढ्यात बाबा घाईघाईनं घरात शिरले. बैलाच्या खांद्याला जोखडाची जखम झाली होती, तिच्यावर दाबायला हळद हवी होती. वहिनी या वेळी निजलेली असते असं त्यांनी धरलं आणि ते खोकले नाहीत.

खोकले असते तर ती निदान सावकाश उतरली असती. अचानक समोर सासरा बघून ती पदर ओढत एकदम घसरली आणि आजारी पाय अंगाखाली दुमडून खाली आली. उठता येईना.

बाबांनी पाठ फिरवली. दारात जाऊन हाका मारल्या. आळीत चिटपाखरू नव्हतं. मग परत आत आले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “घरात सांगा, उठता येते का म्हणा.”

घरात सांगायला होतं कोण? वहिनी पदराआडून म्हणाली, “नाई येत म्हणा.”

हे मला वहिनीनं पुढं कधीतरी सांगितलं. सांगताना तिला हसू आलं होतं. त्या वेळी दोघंही भिंतीमार्फत बोलत होते आणि खाली तिचा पाय मोडत होता.

मी धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाटकात आले ती याच वेळी. दार सताड उघडं. बाबा वळले, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

“गीता,” ते म्हणाले.

मी जागीच थांबले. पुढं धावायला हवं होतं, पण माझी चाहूल लागली तर बाबा लाजून उठतील आणि ते नाव पुन्हा त्यांच्या तोंडून निघणार नाही असं मला वाटलं. म्हणून गाठोडं डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिले.

“गीता, माह्या गळ्यात हात टाक. लाजू नको. कोकिळा तशी तू.”

वहिनी हलेना. बाबांनीच तिचे हात धरून आपल्या खांद्यावर घेतले. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, नुकतं झालेलं वासरू उचलतात तशी तिला उचलली आणि खुर्चीवर ठेवली. तो पाय दोन्ही हातांनी धरून सरळ केला. टाच हातातच ठेवली. त्यांचे हात मी आजवर कासऱ्यावर आणि नांगराच्या मुठीवरच बघितले होते. मग ते तिथंच, खुर्चीच्या पुढ्यात, जमिनीवर बसले. सून वर, सासरा खाली. घरात कुणाकडे मान वर करून बघताना मी माझ्या बापाला पहिल्यांदा बघत होते.

“दुखते का?” त्यांनी विचारलं.



“हाव,” ती म्हणाली. “लय दुखते, मामंजी. पयल्या दिवसापासून दुखते.”

आणि रडायला लागली. हुंदके देऊन, पदर बाजूला पडलेला, नाक वाहतंय, कशाची शुद्ध नाही. बाबांनी टाच सोडली नाही. तिचं रडणं जरा ओसरल्यावर म्हणाले, “मंग सांगाचं ना पोरी. एवढे दिवस मी गोठ्यात काऊन जेवून राह्यलो?”

मी फाटकात उभी राहून मनसोक्त रडले. गाठोड्याचं पाणी मानेवरून गळत होतं, तेवढंच निमित्त.

मांडी पुन्हा सुजली. आठवडाभर तिला हलवता आलं नाही आणि आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. भावानं तिला नागपूरला नेलं, तिथं हाडाचा फोटो काढला. खिळा जागेवर होता. ती परत आली ती बोलतच. ‘मनूबाई, पट्टी गरम झाली’, ‘मनूबाई, उशी सरकव’, ‘हळू ना, पाय हाये तो, मुसळ नाई’. मला भांडायला माणूस मिळालं. बाबा दुपारी खुर्चीपुढं खाली बसून तिची टाच धरायचे, ती गुडघा वाकवायची आणि दुखलं की दुखलं म्हणायची. आळीनं नावं ठेवली. बाबा म्हणाले, ठेवू द्या. दिवाळीपर्यंत वहिनी एका काठीवर आली, पुढं तीही सुटली. थोडी लचकते, पण चालते. जमिनीवर मात्र तिला अजून बसता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीवर खाली काढून ठेवलं होतं आणि बाया भोवती बसलेल्या. वहिनी त्यांच्या डोक्याशी, बाभळीच्या त्या खुर्चीवर. आशाबाई तिच्या कानाशी लागल्या, आज तरी खाली बस गीता, सासऱ्याचं प्रेत खाली अन् तू वर, लोक काय म्हणतील.

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्याईनंच बसवलं मले इथं.”

वहिनी मोठमोठ्यानं रडत होती. बसून बसून तिच्या पायावर सूज आली होती, म्हणून मी आतून गोधडी आणली, तिची वळकटी केली आणि पाटावर ठेवून तिच्या पायाखाली सारली.